बिंगी अण्णांचं दुसरं घड्याळ

मी लाइटचं मीटर रीडिंग घेणारा माणूस. मूळचा वैरागचा, पण सोलापूरच्या भवानी पेठेतल्या गल्ल्या गेली बारा वर्षं माझ्याकडं आहेत. आमच्या कामात माणसं तोंडानं लक्षात राहत नाहीत, मीटरनं राहतात. कुणाचं मीटर मोरीत, कुणाचं देवघरावर, कुणाचं कुत्रं बांधलेल्या खांबावर. बिंगी अण्णांचं जिन्याखाली, चपलांच्या मागं. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाकून आकडा टिपत होतो. मागून आवाज आला, "अकरा वाजून सोळा मिनिटं."

वळून बघितलं. पांढरा लेंगा, पांढरी बंडी, बारीक अंग, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं चावीचं घड्याळ.

"मागल्या महिन्यात दहा बावन्नला आलता रीडिंगवाला. तू चोवीस मिनिटं लेट."

"ओ काका, मीटर कुटं पळून जातंय काय?" मीपण चिडकाच माणूस. उन्हात फिरून डोकं तापलेलं असतं.

"मीटर न्हाय पळत. टाइम पळतोय की बे."

असं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात सात तारखेच्या चौकोनात 'रीडिंग ११.१६' असं लिहिलं. मला वाटलं, डोक्यावर पडलंय म्हातारं. पुढच्या महिन्यात मात्र मी दहा पन्नासला त्यांच्या दारात होतो, आणि का होतो ते मलाच कळेना. तेव्हापासून त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. मी त्यांचा 'रीडिंग' झालो. "ये बे रीडिंग, च्या घे."

अण्णा गावातल्या एका सूतगिरणीत एकतीस वर्षं टाइमकीपर होते. म्हणजे गेटवर उभं राहायचं, कोण किती वाजता आत आलं ते लिहायचं. उजव्या हातात पेन, डाव्यात रजिस्टर, म्हणून घड्याळ मनगटाच्या आतून. गिरणी केव्हाच बंद पडली. तिचा भोंगा गेला, गेट गेलं, अण्णांचं घड्याळ मात्र त्याच बाजूला राहिलं. "साडेपाच वाजले असतील" हे वाक्य त्यांच्या तोंडात नव्हतं. पाच सव्वीस, नाहीतर पाच एकतीस. सकाळी सहाला खुर्चीत बसून ते घड्याळाला चावी द्यायचे. बावीस फेरे, मोजून. मधे कोणी बोललं की राग. एकदा मी तेविसावा फेरा का नाही असं विचारलं, तर म्हणाले, "पोट भरल्यावर तू जेवतो का बे?"

त्यांच्या वक्तशीरपणानं नातेवाईक वैतागले होते. एका लग्नाला मला बरोबर घेऊन गेले. अम्मांचे, म्हणजे अण्णांच्या बायकोचे, गुडघे दुखायचे, म्हणून त्या घरी. मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरदेवाची वरात अजून चौकात डॉल्बीपुढं नाचत होती. कार्यालयात अक्षता वाटून तास झालेला, लहान पोरांनी त्या एकमेकांच्या अंगावर टाकून संपवलेल्या. बारा पस्तीस झाले तसे अण्णा उठले, सरळ स्टेजवर गेले. तिथं दोन लाल खुर्च्या रिकाम्या. अण्णांनी दोन्ही खुर्च्यांवर अक्षता टाकल्या, हात जोडले, खाली आले आणि पंगतीत जाऊन बसले.

वाढपी म्हणाला, "आजोबा, लग्न लागू द्या की."

"लागलं की. मी लावून आलो."

मुलीचा बाप अण्णांचा चुलतमेव्हणा. तो दोन वर्षं बोलला नाही. मी शरमेनं मान खाली घालून बसलो होतो, पण खरं सांगायचं तर जेवण गरम मिळालं.

त्यांचा मुलगा श्रीनिवास, शिनू, बेंगळुरूला इंजिनिअर. एकुलता एक, बापाला तेलुगूत 'नान्ना' म्हणायचा, आणि बापावर जीव. चार वर्षांपूर्वी अण्णांना जिन्यात चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके मधेच मंद पडताहेत, लक्ष ठेवायला पाहिजे, पुढंमागं मशीन बसवावं लागेल. अण्णा म्हणाले, बघू. अण्णांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे सगळ्या पेठेला माहीत होतं.

दिवाळीला शिनू आला तो स्मार्टवॉच घेऊनच. काळं, चौकोनी, हात लावला की उजळणारं. मी फराळाला गेलो होतो, त्यामुळं तो सोहळा मी डोळ्यांनी बघितला. शिनू जमिनीवर बसून बापाच्या मनगटाला पट्टा बांधत होता, आणि अण्णा इंजेक्शनला हात दिल्यासारखे तोंड फिरवून बसले होते.

"नान्ना, ह्यात ठोके दिसतात. किती चाललात ते दिसतं. तुमच्या फोनमधून सगळं माझ्या फोनवर येतं. मला तिथं बसून कळेल तुम्ही बरे आहात."

"मी फोनवर सांगतोय की बरं हाय म्हणून."

"तुम्ही खोटं सांगता."

हे बाकी खरं होतं. मग अण्णांनी वादाला दुसरीकडून हात घातला. "हे रोज दोन तास वायरला लावायचं. माझ्याला चावी द्यायला अर्धं मिनिट. आता सांग, कोण शहाणं?"

"तुमचं आठवड्याला दोन मिनिटं मागं पडतं, नान्ना. हे सेकंदानंही चुकत नाही."

"पडतंय तर पडतंय. किती पडतंय ते मला ठाव हाय. ठाव असलेली चूक चालती."

शिनू हसला. पण जाताना दारात मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, तुम्ही रोज इकडूनच जाता. ते घड्याळ काढत नाहीत ना, एवढं बघा. मला दुसरं काही नको." मी मान हलवली. त्याचे डोळे भरले होते. मी म्हणालो, काळजी करू नको. हे मी म्हणालो होतो, हे इथं लिहून ठेवतो.

आठ दिवस अण्णांनी ते घातलं. आठ दिवसांत घरातली शांतता गेली. ते घड्याळ अण्णा बसले की थरथरायचं, उठा, चाला. अण्णा उठले की बेंगळुरूहून फोन, "नान्ना, साडेतीनला ठोके कमी का झाले? झोपला होता का? पाणी पिलं का?" अम्मा आत हसायच्या. अण्णांना हसू येत नव्हतं. एका दुपारी मी गेलो तर घड्याळ टीपॉयवर काढून ठेवलेलं आणि अण्णा त्याच्याकडं बघत बसलेले.

"रीडिंग, एकतीस वर्षं मी गेटवर हुबा ऱ्हायलो. हजार माणसं लिवली. एकानं कदी मला विचारलं न्हाय, अण्णा तुमी किती वाजता आला. आता पोटच्या पोरानं माज्या अंगावर गेट बसवलंय बग."

"तुमच्या काळजीपायीच की, अण्णा."

"काळजी हाय. म्हनून तर फेकून देत न्हाय." मग म्हणाले, "तू दिवसभर चालतोस न्हवं?"

मला लगेच कळलं. आणि मी लगेच नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हणालोसुद्धा, "अण्णा, हे बरुबर न्हाय." पण सोलापुरात वडीलधाऱ्या माणसानं चहा पाजत पाजत काही मागितलं, तर नाही हा शब्द घशातून वर येत नाही. दुसरंही एक कारण होतं. मला ते घड्याळ आवडलं होतं. मी कधी असली वस्तू हातात घातलेली नव्हती. माझ्या पगारात ती बसणारी नव्हती. हे कबूल करायला लाज वाटायला पाहिजे, पण तीही आता वाटत नाही.

तर असं ठरलं. सकाळी साडेआठला कामावर निघताना अण्णांच्या खिडकीतल्या कट्ट्यावरून घड्याळ उचलायचं, दिवसभर घालायचं, संध्याकाळी चहाला येऊन परत ठेवायचं. अण्णांचा फोन फडताळात असायचा. त्याच्याजवळ आलं की मनगटावर एक हलका झटका बसायचा आणि दिवसभराचं सगळं शिनूला पोचायचं.

पहिल्याच दिवशी घोटाळा. संध्याकाळी शिनूचा फोन, घाबराघुबरा. "नान्ना, तुम्ही आज एकोणीस हजार पावलं चाललात? आणि बावन्न जिने चढलात?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. त्या दिवशी माझ्याकडं तीनमजली इमारतींची लाइन होती.

"व्हय," अण्णा म्हणाले. "जरा बाजारात गेलतो."

अम्मांनी पदर तोंडात कोंबला. त्यानंतर अण्णांनी वेळापत्रक करून दिलं. मी घड्याळ घालून फक्त खालच्या मजल्यांचे मीटर घ्यायचे. वरचे घेताना काढून पिशवीत. दिवसाला सहा हजार पावलांच्या वर जायचं नाही. दुपारी एक ते तीन मी कुठंही असलो तरी अर्धा तास बसायचं, कारण अण्णा झोपतात. एका म्हाताऱ्याची झोप मी रसवंतीच्या बाकड्यावर बसून झोपत होतो. आमची पोरं, म्हणजे बाकीचे रीडिंगवाले, म्हणायची, "काय शेठ, घड्याळ भारी!" मी म्हणायचो, "पाव्हण्याचं हाय."

शिनू खूश होता. फोनवर म्हणायचा, "मामा, नान्नांची तब्येत सुधारली. ठोके बघा, बहात्तर, चौऱ्याहत्तर. एकदम जवान माणसासारखे." मी अठ्ठेचाळीसचा. हं म्हणायचो.

आणि अण्णा खरंच खुशीत होते. पुन्हा चावी, पुन्हा बावीस फेरे, पुन्हा कॅलेंडरात दूधवाल्याची वेळ. मला बघून म्हणायचे, "काय, मी कसा हाय आज?" मी घड्याळात बघून सांगायचो, "शहात्तर. मस्त हाय तुमी."

मार्चमध्ये एकदा मी गेलो तर ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेले. तोंड राखेसारखं. बोट वर करून म्हणाले, थांब, बोलू नको. पाच मिनिटांनी रंग आला. मी त्या दिवशी भांडलो. आवाज चढवला. "अण्णा, बास झालं. तुमचं घड्याळ तुमी घाला. न्हायतर मी शिनूला सांगतोय." अम्मापण माझ्या बाजूनं झाल्या. अण्णांनी मुकाट्यानं हात पुढं केला. मी स्वतः बांधलं.

तीन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी एकेचाळीस ठोके आले आणि शिनूनं घर डोक्यावर घेतलं. तिकीट काढतो, बेंगळुरूला या, मशीन बसवू. फोनवर बापलेकाचं तेलुगूत जे भांडण झालं, त्यातलं मला फारसं कळलं नाही. शेवटी शिनूनं डॉक्टरला फोन करून गोळी बदलून घेतली. चौथ्या दिवशी सकाळी घड्याळ पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर. मी हात लावला नाही. आत अण्णा खुर्चीत. त्यांनी हात जोडले. अण्णांनी मला हात जोडावेत, हे मला सहन झालं नाही. मी घड्याळ उचललं.

संध्याकाळी शिनूचा फोन आला. रडत होता. "मामा, गोळी लागू पडली. पंचाहत्तर."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तेव्हा सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. मी सांगितलं नाही. कसं सांगणार, हे मी रात्री ठरवायचो आणि सकाळी कामाला जायचो.

जूनमधला सोमवार. साडेआठला मी कट्ट्यावरून घड्याळ उचललं. दार लोटलेलं होतं. अम्मा सोमवारच्या सिद्धेश्वराला गेलेल्या. मला वाटलं, अण्णा अंघोळीला असतील. हाक मारली नाही, त्या दिवशी रीडिंगची लाइन मोठी होती. डॉक्टर नंतर म्हणाले, आठ ते नऊच्या मधे केव्हातरी. म्हणजे मी कट्ट्यापाशी होतो तेव्हा आत काय चाललं होतं, ते मला माहीत नाही.

अकराच्या सुमारास त्यांच्या गल्लीतल्या किराणावाल्याचा फोन आला. मी पाच गल्ल्या पलीकडं होतो. पिशवी तशीच खांद्याला. चालत आलो, पळत आलो, आठवत नाही. घरात बायका, गल्लीतली माणसं. अण्णांना सतरंजीवर ठेवलेलं. डॉक्टर येऊन, सांगून गेले होते. शिनूला कळवलं होतं, तो मित्राच्या गाडीनं निघाला होता. तो येईपर्यंत उचलायचं नाही असं ठरलेलं. मी गर्दीतून आत सरकलो आणि जागा मिळाली तिथं, फडताळाला टेकून उभा राहिलो. अण्णांच्या तोंडाकडं बघत होतो. मनगटावर झटका बसला, तो मला जाणवलाही. त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही.

बारा वाजून गेले असतील. किती गेले, ते सांगणारा माणूस खाली झोपला होता. अम्मांचा फोन वाजला. शेजारच्या बाईनं तो स्पीकरवर टाकला.

शिनू ओरडत होता. "अम्मा! कोण म्हणालं नान्ना गेले? त्यांचे ठोके चालू आहेत! एकशे सहा! माझ्या फोनवर दिसतंय, आत्ताचे आहेत! उचलू नका त्यांना!"

खोलीत एकदम गलका झाला. कुणीतरी अण्णांच्या नाकाशी हात नेला. एक म्हातारी मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागली. अम्मा हलल्या नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्या मनगटाकडं बघितलं.

"मामा आहेत का तिथं? मामांना द्या!"

फोन माझ्या हातात आला. मी तो घेऊन अण्णांच्या उशाशी बसलो.

"मामा, ॲम्ब्युलन्स बोलवा. डॉक्टर चुकलाय. दर दोन मिनिटांनी आकडा येतोय. थांबा, आला. एकशे अठरा! वाढताहेत, मामा, वाढताहेत!"

वाढत होते, कारण ते माझे होते. मी भीत होतो आणि तो तिकडं आनंदानं मोजत होता. "शिनू," मी म्हणालो. पुढचं वाक्य तयार होतं. कितीतरी रात्री घोकलेलं.

"त्यांच्या कानाशी फोन धरा, मामा. मी बोलतो त्यांच्याशी."

मी फोन अण्णांच्या कानाशी धरला. शिनू तेलुगूत बोलायला लागला. नान्ना, नेनु वस्तुन्ना, मी येतोय, एवढं मला कळलं. बाकी लहानपणचं काहीतरी असावं, कारण अम्मा तेव्हा पहिल्यांदा रडल्या. मी एका हातानं फोन धरला होता. दुसरा हात अम्मांपुढं केला. त्यांनी पट्टा सोडला. मी घड्याळ पालथं करून सतरंजीवर ठेवलं. खालचा हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि विझला.

शिनू बोलत होता. मग त्याचा आवाज थांबला.

"मामा. आता काही येत नाहीये. नुसती रेघ आली."

"हं."

"गेले?"

"गेले."

फोनमधून नुसता गाडीचा आवाज आला. "मी बोललो ते ऐकलं असेल ना त्यांनी?"

"ऐकलं," मी म्हणालो.

शिनू अजून सगळ्यांना सांगतो, शेवटची दोन मिनिटं मी नान्नांशी बोललो, मामांनी फोन कानाशी धरला म्हणून. दहाव्याला त्यानं मला मिठी मारली. मी उभा राहिलो. काही वाटलं नाही, रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. सांगायचं राहिलं, आणि आता सांगितलं तर त्याचा बाप त्याच्याकडून दुसऱ्यांदा मी घेईन.

त्या दुपारी फोन ठेवल्यावर गल्लीतली माणसं हळूहळू बाहेर गेली. अम्मांनी सतरंजीवरचं घड्याळ उचललं, पदरानं पुसलं आणि माझ्याकडं दिलं, "बंद कर." मी बटण दाबून बंद केलं. मग त्यांनी अण्णांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि पट्टा बांधायला लागल्या.

"पोरगं आलं की हात बघंल," त्या म्हणाल्या.

माझ्या मनगटाला तो पट्टा तिसऱ्या भोकात बसायचा. अम्मांनी पाचव्यात घालून बघितला, मग सहाव्यात. शेवटच्या भोकातसुद्धा तो अण्णांना सैलच होत होता.